वीतभर मागे

चालू असताना धूसर,
थांबवलं की लख्ख.
माझ्या जुन्या कम्प्युटरचा हा स्वभाव
अकरा वर्षं अंगवळणी पडलाय.
प्रिव्ह्यू पाव रिझोल्यूशनवर ठेवायचा,
म्हणजे चित्र न अडखळता धावतं
आणि लामारा केबिनचं दार ओढते तेव्हा
तिच्या हाताला बोटं नसतात,
नुसता एक तपकिरी पुंजका.
चालतं. कापायला तेवढं पुरतं.
श्वास कुठे संपला, वाक्य कुठे,
हे पिक्सेलांना विचारावं लागत नाही.

तिबिलिसीतला फेब्रुवारी. हीटरपाशी मांजर,
आणि कम्प्युटरचा पंखा
मांजरापेक्षा मोठ्यानं घुरघुरतोय.
फिल्म आहे चियातुराच्या रोपवेची:
खाणकामगारांना डोंगरावर नेणारी पत्र्याची केबिन
आणि तिच्या दाराशी
छत्तीस वर्षं उभी राहिलेली ही बाई.
कॅमेरा वाझाचा.
वाझा, ज्यानं मला पहिल्यांदा
व्ह्यूफाइंडरला डोळा लावायला दिला
आणि म्हणाला, दुसरा मिटू नकोस,
त्याला जगाकडे राहू दे.

आज दुपारी निर्माती येणार होती.
तिला धूसर दाखवलं
की ती धूसरच मनात धरून बसते.
म्हणून प्रिव्ह्यू पूर्ण केला,
पहिला प्रसंग रेंडरला लावला,
टाइमलाइनवरची लाल रेघ हिरवी होईस्तोवर
काळ्या चहात मध ढवळत बसले.
मग चालवलं.

लामारा अजून धूसर.

सेटिंग पुन्हा पाहिलं. पूर्ण.
झूम, शंभर टक्के.
चष्म्याच्या फडक्यानं स्क्रीन पुसली,
मग चष्मा.
थांबवलं.
थांबवूनही लख्ख होईना.
आणि तेव्हा दिसला, तिच्या खांद्यामागे,
केबिनच्या पत्र्यावरचा तो खिळा:
गंजाचा पापुद्रा न् पापुद्रा सुटा,
खिळ्याला अडकलेला लोकरीचा धागा,
त्याचा पीळसुद्धा मोजून घ्यावा.
फोकस बाईवर नव्हताच.
तिच्या वीतभर मागे होता.

नजरचूक. होते.
दुसरी क्लिप काढली. स्वयंपाकघर.
लामारा मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलतेय
आणि झळकतंय ते मागच्या फळीवरचं
जोंजोलीच्या बरणीचं झाकण.
तिसरी, डोंगर. डोंगराचं काय,
तो लांबच असतो, तो चुकत नाही.
चौथी. वीतभर मागे.
नवव्या क्लिपनंतर मोजणं सोडलं.

शार्पनचा फिल्टर ओढून पाहिला.
सुरकुत्यांना कड आली,
डोळ्यांना आली नाही.

वाझा फोकसची रिंग हातानंच फिरवतो,
यंत्रानं शोधलेलं त्याला खपत नाही.
ऑक्टोबरात शूटिंगहून परतताना
स्टेशनच्या पायऱ्या उतरायला
त्यानं माझा खांदा धरला होता,
जरा जास्तच घट्ट.
मला ती माया वाटली.

बेल वाजली. निर्मातीच्या बुटांचा आवाज
जिन्यात दुसऱ्या मजल्याशी असताना
मी प्रिव्ह्यू परत पाववर आणला.
सगळं पुन्हा धावू लागलं,
सगळेच सारखे पुसट,
बाई, पत्रा, खिळा.
पाव रिझोल्यूशन म्हणजे
कम्प्युटरनं सभ्यपणे केलेली डोळेझाक.
"एवढं अंधुक का?" तिनं विचारलं.
"मशीन जुनं आहे," मी म्हणाले.
मांजरानं माझ्याकडे पाहिलं.

रात्री त्याचाच फोन.
आधी बर्फ, मग गुडघा, मग वाईनचे भाव.
मग सहज विचारल्यासारखं,
"लामाराचा चेहरा कसा आलाय?"

मी म्हणाले, "पत्रा फार सुरेख आलाय, वाझा."

पलीकडे कुणीतरी नळ बंद केला.
खुर्ची सरकली.

"किती मागे?"
"वीतभर."
"हं," तो म्हणाला.
"जूनमध्ये दोनच बोटं होतं."